ताब्यातल्या घराची ऑफर : इंग्लंडमधल्या एका रिवाजाचा इतिहास

कर्जाचे हप्ते थकले म्हणून बँकेने ताब्यात घेतलेले घर इंग्लंडमध्ये बहुतेक वेळा लिलावात जात नाही. ते गावातल्या इस्टेट एजंटाकडे इतर घरांच्या रांगेतच विक्रीला लागते. त्याच्या विक्रीची रीत मात्र वेगळी असते. एखाद्याची ऑफर बँकेने स्वीकारली, तरी घर बाजारातून उठत नाही. उलट आलेली रक्कम जाहीर केली जाते आणि यापेक्षा जास्त देणारा कोणी असेल तर त्याने पुढे यावे, असे आवाहन केले जाते. खरेदीदाराला हा अन्याय वाटतो. पण या रिवाजाचे मूळ घर गमावून बसलेल्या माणसाच्या हक्कात आहे, आणि तो हक्क आकाराला यायला तीनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

जुन्या इंग्रजी गहाणात जमीन किंवा घर सरळ सावकाराच्या नावे होत असे. ठरलेल्या दिवशी पैसे परत केले तर मालमत्ता परत मिळे. दिवस चुकला तर ती कायमची जाई आणि कर्जाचा बोजाही डोक्यावर राही. सतराव्या शतकात चान्सरी न्यायालयाने या कडकपणाला आळा घातला. मुदत उलटून गेली तरी कर्जदाराने मुद्दल, व्याज आणि खर्च भरला तर त्याला मालमत्ता सोडवून घेता आली पाहिजे, अशी भूमिका या न्यायालयाने घेतली. सोडवणुकीचा हा हक्क म्हणजे केवळ सवलत नव्हती; तो विकता येई, वारसाहक्काने पुढे जाई, त्यावर पुन्हा कर्जही काढता येई. सावकाराला तो संपवायचा असेल तर न्यायालयाचा हुकूम आणावा लागे. तो हुकूम मिळाला की मात्र मालमत्ता कर्जाच्या कितीही पट किमतीची असो, ती पूर्णपणे सावकाराची होई. हा दोष दूर करण्यासाठी १८५२ च्या कायद्याने न्यायालयाला मालमत्ता विकून हिशेब करण्याचा आदेश देण्याची मुभा दिली.

व्यवहारातल्या वकिलांनी त्याआधीच वेगळी वाट काढली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते गहाणखतातच एक कलम घालू लागले : कर्ज थकले तर सावकाराने न्यायालयात न जाता मालमत्ता विकावी. १८६० आणि १८८१ च्या कायद्यांनी हा अधिकार गहाणखतात गृहीतच धरला. आज इंग्लंडमध्ये लागू असलेली तरतूद १९२५ च्या मालमत्ता कायद्यातली आहे. विक्रीतून आलेल्या पैशाची वाटणीही तिथे ठरलेली आहे. आधी विक्रीचा खर्च, मग व्याज आणि मुद्दल, त्यानंतर त्याच घरावरचे दुसरे कर्ज असेल तर ते, आणि उरलेली प्रत्येक पै कर्जदाराची. पुढचा सगळा इतिहास या शेवटच्या शब्दांतून निघतो. शिल्लक कर्जदाराची असेल, तर घर किती किमतीला गेले हा फक्त बँकेचा प्रश्न राहत नाही.

याच विचाराची एक शाखा मुंबईतही आली. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ६९ व्या कलमाने न्यायालयाबाहेरच्या विक्रीचा अधिकार काही मर्यादित प्रसंगी दिला, आणि त्यात मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांतल्या मालमत्तांचा समावेश होता. दख्खनच्या खेड्यांतली गोष्ट निराळी होती. तिथे दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून जप्ती येई आणि लिलावात बोली लावणारा अनेकदा सावकार स्वतःच असे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर एका देशमुखाचे राहते घर पाडायला घेतले, तेव्हा गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या आणि खती जाळल्या गेल्या. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने, स्पष्टपणे गहाण न टाकलेली शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता अशा जप्ती-विक्रीतून वगळली.

धनकोनेच घर विकायचे आणि धनकोनेच घ्यायचे, या गोष्टीला इंग्लंडच्या न्यायालयांनी त्याच सुमारास दार बंद केले. १८८२ च्या एका खटल्यात बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या, चिटणिसाने संस्थेनेच लिलावात काढलेली मालमत्ता स्वतः विकत घेतली होती. न्यायालयाने ती विक्री रद्द केली. किंमत योग्य होती की नाही, हे तिथे निर्णायक नव्हते. विकणारा आणि घेणारा एकच असेल तर ती विक्रीच नव्हे, हे तत्त्व तेव्हापासून पक्के झाले. आजही कर्ज देणाऱ्या संस्थेच्या किंवा विक्री सांभाळणाऱ्या एजंटाच्या कर्मचाऱ्याला असे घर घ्यायचे असेल, तर त्याला आपला संबंध आधी उघड करावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी नकारच मिळतो.

बिल्डिंग सोसायट्यांचा जन्म सामान्य माणसांच्या बचतीतून झाला. ज्ञात असलेली पहिली सोसायटी बर्मिंगहॅममध्ये १७७५ मध्ये रिचर्ड केटली याच्या गोल्डन क्रॉस या खानावळीत स्थापन झाली. सभासद भिशीसारखे दरमहा पैसे टाकत, आळीपाळीने एकेकाचे घर उभे राही, आणि सगळ्यांची घरे झाली की सोसायटी बंद होई. कायमस्वरूपी सोसायट्या नंतर आल्या. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये दहातली सुमारे नऊ कुटुंबे भाड्याने राहत होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात सोसायट्यांच्या कर्जावर उपनगरे वसली आणि घर ताब्यात घेणे हा प्रकार जमीनदार-व्यापाऱ्यांपुरता न राहता कारकून आणि कामगारांपर्यंत पोचला. १९३९ च्या कायद्याने सोसायट्यांवर स्पष्ट बंधन घातले : ताब्यातले घर विकताना वाजवी प्रयत्नांनी मिळू शकेल अशी सर्वोत्तम किंमत मिळवलीच पाहिजे.

बँका आणि इतर धनको मात्र १९७१ पर्यंत या बंधनाबाहेर होते. त्या वर्षी अपील न्यायालयाने ‘ककमेअर ब्रिक’ खटल्याचा निकाल दिला. केंट परगण्यात मेडस्टोनजवळच्या एका जमिनीवर घरे बांधण्याची परवानगी होती आणि फ्लॅट बांधण्याचीही होती. लिलावाच्या जाहिरातीत फ्लॅटच्या परवानगीचा उल्लेखच राहून गेला. जमीन ४४,००० पौंडांना गेली. कर्जदाराच्या मते तिची किंमत ७५,००० होती. न्यायालयाने ठरवले, की कधी विकायचे हे धनको स्वतःच्या सोयीने ठरवू शकतो, पण विकताना खरा बाजारभाव मिळावा म्हणून वाजवी काळजी घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. एजंटाच्या चुकीची जबाबदारीही त्याचीच. १९८३ मध्ये हाँगकाँगच्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने आणखी एक गोष्ट सांगितली : लिलाव झाला एवढ्यावरून उत्तम किंमत मिळाली असे सिद्ध होत नाही. त्या लिलावात बोली एकच आली होती, आणि ती धनकोशी संबंधित कंपनीची होती. या दोन निकालांनंतर सावध धनकोला सोपा मार्ग एकच उरला. घर खुल्या बाजारात, रीतसर जाहिरात करून, इतर घरांसारखेच विकायचे आणि प्रत्येक पायरीची लेखी नोंद ठेवायची. इस्टेट एजंट या व्यवहाराच्या मध्यभागी आला तो असा.

ही पद्धत सर्वदूर झाली ती १९९० च्या सुमाराच्या पडझडीत. १९८८ च्या अर्थसंकल्पात, एका घरावर एकाहून अधिक कर्जदारांना मिळणारी व्याजाची करसवलत ऑगस्टपासून बंद होणार असे जाहीर झाले. त्याआधी घर पदरात पाडून घेण्यासाठी लोकांची झुंबड उडाली आणि किमती भडकल्या. मे १९८८ मध्ये साडेसात टक्क्यांवर असलेला बँक ऑफ इंग्लंडचा आधारदर ऑक्टोबर १९८९ मध्ये पंधरा टक्क्यांवर गेला. हप्ते झपाट्याने वाढले, नोकऱ्या गेल्या, आणि घरांच्या किमती कर्जाच्या रकमेखाली उतरल्या. एकट्या १९९१ मध्ये सुमारे ७५,५०० घरे ताब्यात घेतली गेली. कित्येकांनी न्यायालयाच्या हुकमाचीही वाट पाहिली नाही. किल्ल्या पाकिटात घालून कर्ज देणाऱ्या संस्थेकडे पाठवून दिल्या. किल्ल्या दिल्या म्हणजे कर्ज फिटले, ही त्यांची समजूत चुकीची होती, आणि तिची किंमत त्यांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली.

ताब्यातले घर बाहेरून ओळखू येते. कुलपे बदललेली असतात, खिडकीच्या काचेला आतून एक नोटीस चिकटवलेली असते आणि तिच्यावर मागे राहिलेले सामान नेण्यासाठी संपर्काचा क्रमांक असतो. हिवाळ्यात नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाणी काढून टाकलेले असते. संडासाच्या झाकणावर ‘वापरू नये’ असे छापलेली चिकटपट्टी आडवी लावलेली असते. बॉयलर चालतो का, हे एजंटला सांगता येत नाही, कारण तो कोणी चालवूनच पाहिलेला नसतो. नेहमीच्या विक्रीत घरमालक जी लांबलचक प्रश्नावली भरून देतो, ती इथे मिळत नाही. शेजाऱ्याशी कुंपणाचा वाद आहे का, छप्पर कधी बदलले, या प्रश्नांना विकणाऱ्याच्या वकिलाचे एकच उत्तर असते : आमचा पक्षकार गहाणामुळे ताबा घेतलेला धनको आहे, त्याला घराची माहिती नाही. घर आहे त्या स्थितीत घ्यायचे. म्हणूनच स्वतःचा सर्व्हेअर नेऊन तपासणी करणे इथे इतर कोणत्याही खरेदीपेक्षा जास्त गरजेचे असते.

किंमत ठरवण्यासाठी बहुधा एकाहून अधिक स्वतंत्र मूल्यांकने मागवली जातात आणि काही आठवड्यांत ऑफर आली नाही तर ती उतरवली जाते. ऑफर देणाऱ्याकडे एजंट पैशाचा पुरावा आणि वकिलाचे नाव मागतो. आलेली प्रत्येक ऑफर तत्परतेने लेखी कळवणे हे १९७९ च्या इस्टेट एजंट कायद्याखाली १९९१ मध्ये आलेल्या नियमांनी बंधनकारक केले आहे. अगदी कमी रकमेची ऑफरसुद्धा एजंटला स्वतःच्या मनाने फेटाळता येत नाही. निर्णय संस्था घेते. बहुधा तिच्यासाठी अशी शेकडो घरे सांभाळणाऱ्या व्यवस्थापन कंपनीच्या मार्फत. तिथे घासाघीस भावनेवर चालत नाही. आजूबाजूच्या विक्रीचे आकडे, दुरुस्तीचे अंदाजपत्रक आणि लवकर व्यवहार पुरा करण्याची तयारी यांनाच वजन असते.

ऑफर मान्य झाली की जाहीर नोटीस येते. पूर्वी ती स्थानिक वर्तमानपत्रात असे. आता बहुधा घरविक्रीच्या संकेतस्थळावर असते. घराचा पत्ता, आलेली ऑफर पौंडांत आणि एक सूचना : यापेक्षा जास्त रक्कम द्यायची असल्यास कराराची देवाणघेवाण होण्यापूर्वी एजंटाकडे लेखी कळवावे. सहसा सात दिवस दिले जातात, पण त्यानंतरही दार पूर्ण बंद होत नाही. इंग्लंडमध्ये स्थावराचा करार लेखी आणि सहीनिशी झाल्याशिवाय कोणालाच बांधत नाही, त्यामुळे त्या दिवसापर्यंत वरचढ ऑफर विचारात घेता येते. ही नोटीस कोणत्याही कायद्यात शब्दशः लिहिलेली नाही. उद्या कर्जदाराने घर स्वस्तात विकल्याचा दावा लावला तर दाखवायला पुरावा हवा, म्हणून संस्थांनी ती रूढ केली. दोन-तीन जण अडून बसले तर बंद पाकिटात अंतिम ऑफर मागवतात. अशा वेळी जाणकार लोक गोल आकडा टाळतात. १,५०,००० ऐवजी १,५१,३५० लिहितात. मान्य ऑफरनंतर करारासाठी सर्रास अठ्ठावीस दिवसांची मुदत असते. दरम्यान दुसऱ्याची ऑफर वर गेली तर सर्व्हेअर आणि वकिलावर झालेला खर्च पहिल्या खरेदीदाराच्या अंगावर पडतो. तो खरोखर सोसावा लागतो, आणि त्याच्याविषयी सहानुभूती वाटणे साहजिक आहे. पण वाढलेली रक्कम आधी कर्जात वळती होते आणि उरली तर घर गमावलेल्या कुटुंबाला मिळते. खरेदीदाराच्या गैरसोयीपेक्षा या कुटुंबाचे पारडे जड मानले गेले, हे योग्यच झाले.

महाराष्ट्रात वर्तमानपत्र उघडले की बँकांच्या ‘ताबा सूचना’ दिसतात, त्या २००२ च्या सरफेसी कायद्याखालच्या. किमान राखीव किंमत, तीस दिवसांची नोटीस, एका देशी भाषेतल्या वर्तमानपत्रात जाहिरात, ही बंधने घर स्वस्तात जाऊ नये या त्याच चिंतेतून आलेली आहेत. इथे मात्र मुख्य मार्ग लिलावाचा राहिला आणि यशस्वी बोलीदाराला पाव रक्कम लगेच भरावी लागते.

घर केव्हा विकायचे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये एका ऑफरवरूनच न्यायालयात गेला. पॉक दांपत्यावर सुमारे ३,५८,००० पौंडांचे कर्ज होते आणि १९९१ मध्ये त्यांनी स्वतःच २,८३,००० ला खरेदीदार शोधून आणला. संस्थेला घर भाड्याने देऊन बाजार सुधारण्याची वाट पाहायची होती. पण भाड्यापेक्षा व्याज कितीतरी जास्त वाढत होते, आणि ते दांपत्याच्याच माथी येत होते. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने संस्थेच्या विरोधाला न जुमानता विक्रीचा आदेश दिला. पुढे वित्तीय नियामकाच्या नियमांतही आले, की ताब्यातले घर शक्य तितक्या लवकर बाजारात आणावे आणि वाजवीपणे मिळेल ती सर्वोत्तम किंमत घ्यावी.

२००८ च्या अरिष्टात पुन्हा घरे ताब्यात जाऊ लागली. २००९ मध्ये त्यांची संख्या सुमारे ४८,००० होती. ती १९९१ इतकी चढली नाही, कारण आधारदर अर्ध्या टक्क्यावर आला होता आणि नोव्हेंबर २००८ पासून संस्थांना न्यायालयात जाण्यापूर्वी कर्जदाराशी तडजोडीचे सर्व मार्ग तपासणे भाग झाले होते.

विक्रीनंतरही कर्ज उरले तर ते तसेच मागे लागते. नव्वदच्या दशकात घर सोडून गेलेल्या लोकांना कित्येक वर्षांनी अचानक वसुलीची पत्रे येऊ लागली, तेव्हा मोठा गहजब झाला. कायद्यात मुद्दलासाठी बारा वर्षांची आणि व्याजासाठी सहा वर्षांची मुदत आहे. फेब्रुवारी २००० मध्ये गहाण-कर्ज देणाऱ्या संस्थांच्या परिषदेने आपल्या सभासदांसाठी नियम केला : विक्रीपासून सहा वर्षांच्या आत वसुलीसाठी कर्जदाराशी संपर्क साधला नसेल, तर नंतर ती रक्कम मागायची नाही.