मोटारीची हौस आणि मिस्त्रीची विद्या

मराठींत गाडी ‘घेतां’ येते आणि गाडी ‘ठेवतां’ही येते. या दोन क्रियापदांतील अंतर आमच्या पूर्वजांस चांगलें ठाऊक होतें. दारीं घोडा ठेवणाऱ्यास दाणावैरण, खरारा, नालबंदी आणि मोतद्दाराचा पगार यांची तजवीज लावावी लागे. घोडा घेणें हें एका दिवसाचें काम, ठेवणें हें रोजचें. घोडागाडी मागें पडून मोटार आली, तेव्हां ‘अमक्यांनीं मोटार ठेवली आहे’ हा वाक्प्रयोग तसाच चालूं राहिला, आणि तो यथार्थही होता. परंतु मोटारीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीं बहुतेक घेण्याचाच इतिहास लिहिला आहे. पहिली मोटार कोणी आणली, कोणत्या संस्थानिकाच्या पागेंत किती मोटारी होत्या, कोणत्या वर्षीं कोणता कारखाना निघाला, हें सारें त्यांत सांपडतें. ती मोटार पुढें वीस-तीस वर्षें चालती कोणी ठेवली, या प्रश्नाचें उत्तर मात्र क्वचितच सांपडतें. प्रस्तुत लेखांत या उपेक्षित बाजूचा थोडा विचार करण्याचा आमचा हेतु आहे.

या विचारास स्थळ म्हणून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळणेश्वर निवडतों. गुहागर तालुक्यांतील हें समुद्रकांठचें गांव. उत्तरेस गुहागर, दक्षिणेस हेदवी, मागें जांभ्या दगडाचा सडा आणि पुढें नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या सावलींत वेळणेश्वराचें मंदिर. अनेक कोकणस्थ घराण्यांचें हें कुलदैवत असल्यामुळें पुण्या-मुंबईस स्थायिक झालेलीं कुटुंबें वर्षा-दोन वर्षांनीं येथें दर्शनास येतात. मुंबईहून कशेडीचा घाट ओलांडून, किंवा कऱ्हाडाकडून कुंभार्लीचा घाट उतरून चिपळूण गांठावें, आणि तेथून पश्चिमेस वळावें, अशी ही वाट. शहरांत हौसेनें घेतलेल्या मोटारीची खरी परीक्षा अशा वाटेवरच होते.

परीक्षक तीन : घाट, पाऊस आणि खारी हवा. घाटांत यंत्र तापतें. जिल्ह्यांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तो विजेच्या तारांत व ब्रेकांत शिरतो. पण सर्वांत कठोर परीक्षक हवा. लोखंड, पाणी आणि प्राणवायु एकत्र आले कीं गंज धरतो, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पाण्यांत मीठ विरघळलें म्हणजे तें पाणी विद्युद्वाहक बनतें आणि गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालते. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें. म्हणून लख्ख ऊन पडलें तरी दाराच्या खालच्या फटींतील दमटपणा हटत नाहीं. रंग वरून तुकतुकीत दिसावा आणि आंत पत्र्याची चाळण व्हावी, असा अनुभव किनाऱ्यावरील मोटारवाल्यांस नवा नाहीं.

या किनाऱ्यास मोटार उशीरां भेटली. मुंबईंत पहिल्या मोटारी १८९८ च्या सुमारास दिसूं लागल्या. परंतु कोकणचा हमरस्ता त्या काळीं समुद्र हाच होता. दाभोळ, जयगड अशा बंदरांवर आगबोट लागे, आणि तेथून पुढें तर, बैलगाडी किंवा स्वतःचे पाय. इकडे मुंबईंत मोटारींची संख्या वाढत गेली. १९१४ मध्यें मोटार वाहनांचा पहिला अखिल भारतीय कायदा झाला. १९२८ मध्यें जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें शिवडीस सुटे भाग जुळवून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला. त्या काळच्या मोटारीबरोबर एक शब्द आला, तो मात्र खेड्यापाड्यांत रुजला. वेल्समधील लानेली या गांवीं स्टेपनी नांवाच्या रस्त्यावर १९०४ मध्यें दोन भावांनीं जादा चाकाची एक युक्ति काढली. आराविरहित धांवेवर टायर चढवून तें वर्तुळ पंक्चर झालेल्या चाकास जखडावयाचें. ती युक्ति केव्हांच नाहींशी झाली. पण आमच्याकडे जादा चाकास आजही ‘स्टेपनी’च म्हणतात. मोटारीसंबंधीं सर्वांत टिकाऊ ठरलेला शब्द बिघाडासंबंधींचा असावा, हें बोलकें आहे.

दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि बिघाडास अडचणीची जोड मिळाली. प्रवासी मोटारींच्या मागें कोळशाच्या भट्ट्या बसल्या. भट्टी पेटवून तिच्या वायूवर इंजिन चालवावयाचें. शक्ति कमी पडे, काजळी फार धरे, आणि इंजिन वारंवार उघडून साफ करावें लागे. चालक आणि क्लीनर या जोडगोळीस यंत्राचें अंतरंग कळलें, तें बव्हंशीं अशा सक्तीच्या शाळेंत. १ जून १९४८ रोजीं पुणें ते त्या वेळचें अहमदनगर या मार्गावर सरकारी एस. टी. सुरू झाली, तेव्हां खासगी ‘सर्व्हिस मोटारीं’च्या काळांत हात काळे केलेल्या माणसांची एक पिढी तयार होती.

घरगुती मोटारीचा खरा अध्याय स्वातंत्र्यानंतरचा. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ मध्यें गाड्या बाहेर पडूं लागल्या. १९५३ मध्यें टॅरिफ कमिशननें शिफारस केली कीं, जे कारखाने सुटे भाग टप्प्याटप्प्यानें येथेंच बनवितील त्यांनाच या धंद्यांत राहूं द्यावें. तेव्हां परदेशी जुळणीवाल्यांनीं गाशा गुंडाळला. १९५४ पासून कुर्ल्यास फियाट ११०० होऊं लागली. १९६४ मध्यें तिचा नवा अवतार आला, १९७२ मध्यें ती ‘प्रेसिडेंट’ झाली आणि लवकरच ‘पद्मिनी’. नांवें बदललीं, मूळ यंत्र फारसें बदललें नाहीं : चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें तें इंजिन चार दशकें टिकलें. मोटारींच्या वांटपावर व पुढें किंमतीवर सरकारी नियंत्रण होतें. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. साहजिकच हातीं आलेली गाडी कोणी सोडीत नसे. ती बापाकडून मुलाकडे, डॉक्टराकडून वकिलाकडे, शहरांतून तालुक्याच्या गांवीं जात असे.

या टंचाईनें अडचण केली, हें खरें. पण त्याच टंचाईनें एक विद्या पोसली. एकच यंत्र चाळीस वर्षें टिकल्यामुळें एका मिस्त्रीचें ज्ञान त्याच्या शागिर्दास जसेंच्या तसें उपयोगी पडे. यंत्रही उघडें-वाघडें होतें. बॉनेट उचललें कीं कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, पेट्रोलचा पंप, डायनामो हे सर्व अवयव डोळ्यांस दिसत आणि हातास लागत. गाडी बंद पडली तर प्रश्न दोनच : ठिणगी येते काय, आणि पेट्रोल येतें काय? ठिणगी नसेल तर प्लग व कॉन्टॅक्ट पॉइंट कांचकागदानें घासावे. पेट्रोल नसेल तर जेटमधील कचरा तोंडानें फुंकावा. उन्हाळ्यांत कुंभार्लीच्या चढावर पेट्रोलच्या नळींतच वाफ धरे आणि गाडी मुकाट उभी राही. मग पंपावर ओलें फडकें गुंडाळून अर्धा तास झाडाखालीं बसावें, वाफेचें पुन्हां पेट्रोल होई आणि गाडी निघे. रेडिएटर गळूं लागला तर त्यांत हळद टाकीत. टाकीस भोंक पडलें तर साबणाची वडी चोळून बुजवीत. बॅटरीचा भरंवसा नसे, म्हणून शहाणा माणूस गाडी नेहमीं उतारावर उभी करी.

हीं साधीं कामें मालकही करी. त्यापुढचें काम मिस्त्रीचें. त्यांतही किनाऱ्यावर त्यास यंत्रापेक्षां पत्रा अधिक छळीत असे. जीपगाडीस खालीं लोखंडी चौकट स्वतंत्र असते; पत्रा सडला तरी सांगाडा उभा राहतो. फियाटला तशी निराळी चौकट नव्हती. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा होता. त्यामुळें तळाचा पत्रा गंजला कीं नुसती शोभा जात नसे, गाडीचा कणाच मोडकळीस येई. सडका भाग कापून नवें ठिगळ जोडणें, दारें पुन्हां चौकटींत नीट बसतील असा तोल राखणें, पावसाळ्यापूर्वीं जुनें ऑइल तळास फासणें, ही कारागिरी पुस्तकांत लिहिलेली नव्हती. सात-आठ इयत्ता शिकून गॅरेजांत लागलेला पोरगा आधीं पाने हातांत देई, मग चाकांचे नट सोडवी. कित्येक वर्षांनीं त्यास इंजिनाला हात लावावयास मिळे. तोंवर त्याचा कान तयार झालेला असे. टॅपेटची टकटक कोणती आणि बेअरिंगचा ठोका कोणता, हें तो बॉनेट न उघडतां सांगे. वैद्याच्या नाडीपरीक्षेस आमच्याकडे शास्त्राचा मान मिळाला. या कर्णपरीक्षेस मिळाला नाहीं. सुशिक्षित घरांत मोटारीच्या कंपनीचा इतिहास तोंडपाठ असे, पण दहा वर्षें ती सांभाळणाऱ्या मिस्त्रीचें आडनांव पुष्कळदां ठाऊक नसे. त्याच्या मजुरीवर घासाघीस मात्र न चुकतां होई.

या विद्येचें आंधळें गुणगान करण्याचा आमचा विचार नाहीं. हळदीनें गळती थांबे, पण रेडिएटरच्या नळ्याही तुंबत. जळालेल्या फ्यूजच्या जागीं सिगारेटच्या पाकिटांतला चंदेरी कागद बसविणारा मिस्त्री गाडीस आगीच्या हवालीं करीत असे. नकली सुटे भाग, भेसळीचें पेट्रोल, झिजलेले ब्रेक आणि काळा धूर हेंही त्या युगाचेंच वैभव. पण कामचलाऊपणाबरोबर त्याच मातींत निर्माणशक्तीही होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनीं सामान्य कुटुंबास परवडेल अशी ‘मीरा’ नांवाची छोटी मोटार स्वतःच्या कल्पकतेनें घडविली. १९४९ पासून १९७० च्या दशकापर्यंत तिचे नमुने ते सुधारीत राहिले. मीरा बाजारांत कधींच आली नाहीं. तरीही यंत्र उघडतां येणाऱ्या समाजांतच तें नव्यानें घडविण्याची उमेद जन्मते, याची ती साक्ष आहे.

डिसेंबर १९८३ मध्यें मारुती ८०० आली आणि हळूहळू काळ पालटला. पुढें प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हें मान देशभर लागू झालें. इंधनाचें मोजमाप कार्ब्युरेटरच्या हातून संगणकी नियंत्रकाकडे गेलें. हा बदल हिताचाच झाला : हवा तुलनेनें स्वच्छ राहिली, गाडी घाटांत बंद पडेनाशी झाली, जस्ताचा लेप दिलेला पत्रा खाऱ्या हवेस अधिक काळ तोंड देऊं लागला. २००३ पासून दाभोळ व धोपावे यांमध्यें मोटारी वाहणारी फेरीबोट चालूं झाली, आणि वेळणेश्वराकडे येणारांस दापोलीकडून खाडीवाटेनेंही गाडी आणतां येऊं लागली. मुंबईंतील शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून उतरली, तेव्हां अनेकांस हळहळ वाटली. परंतु त्यांतील फारच थोडे लोक स्वतः पुन्हां पद्मिनी चालविण्यास तयार झाले असते.

मग गेलें तें काय? आमच्या मतें, गेली ती गाडी नव्हे. तिला उघडण्याची सत्ता गेली. आज घाटाखालच्या गॅरेजांत नवी मोटार आली तर मिस्त्रीचा कान निरुपयोगी ठरतो. दोष कोठें आहे हें सांगणारें यंत्र आणि त्याची आज्ञावली हातीं नसेल, तर एका संवेदकासाठीं गाडी ओढून शहरांत न्यावी लागते. हा केवळ यंत्राच्या प्रगतीचा परिणाम नाहीं. त्यांत व्यवहाराचाही भाग आहे. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २५४४ कोटि रुपयांचा दंड ठोठावला, तो याच कारणासाठीं : सुटे भाग व निदानाचीं साधनें बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांस खुल्या बाजारांत मिळूं दिलीं जात नव्हतीं. दंडाचें प्रकरण पुढें वरच्या न्यायाधिकरणांत व न्यायालयांत गेलें. पण प्रश्न कोणता आहे, हें त्या निर्णयानें स्पष्ट केलें. डिसेंबर २०२२ मध्यें केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें ‘दुरुस्तीच्या हक्का’साठीं एक संकेतस्थळ उघडलें, त्यांतही मोटारींचा समावेश केला. वस्तूची पूर्ण किंमत मोजूनही ती कोणाकडून दुरुस्त करावी हें ठरविण्याची मोकळीक नसेल, तर तो मालक कसला? त्यानें गाडी घेतली खरी. ती ठेवतो मात्र दुसराच कोणी.

यास उपाय जुन्या गाड्यांकडे परत फिरण्यांत नाहीं, मिस्त्रीस नव्या विद्येची दीक्षा देण्यांत आहे. वेळणेश्वरासारख्या गांवीं २०१२ मध्यें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. यंत्रशास्त्राची पुस्तकें आज त्याच खाऱ्या हवेंत येऊन पोंचलीं आहेत. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यास संवेदकांची भाषा येते, गॅरेजांतल्या वृद्ध मिस्त्रीस गंजाची येते. या दोघांची गांठ पडावी, सुटीच्या दिवशीं एका मोटारीखालीं दोघांनीं मिळून पाठ टेकावी, मिस्त्रीनें सांगितलेलें विद्यार्थ्यानें वहींत उतरून घ्यावें आणि निदानयंत्र कसें वाचावें हें त्यास शिकवावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. किनाऱ्यावर पत्रा कोठें प्रथम सडतो, कोणता जोड किती पावसाळे तग धरतो, याची नोंद कोणत्याही कंपनीच्या पुस्तिकेंत नाहीं. ती ज्यांच्या बोटांत आहे अशीं माणसें आतां म्हातारीं होत चाललीं आहेत. कुलदैवताच्या दर्शनास मोटारीनें येणाऱ्या कुटुंबांनीं वाटेवरच्या गॅरेजांत एखादा तास थांबून, मजुरीचा आंकडा विचारण्यापूर्वीं त्या माणसाचें नांव विचारावें, आणि तो काय जाणतो तें ऐकून घ्यावें. आमच्या मोटारयुगाचा अलिखित राहिलेला इतिहास त्याच्यापाशीं आहे.