गोव्याचे छत्तीस तास

देवरीहून गोवा लांब. तरी १९६१च्या डिसेंबरातली ती लढाई आपण नीट पाहू. आपलं सैन्य १८ तारखेला आत शिरलं, १९ला रात्री पोर्तुगीजांनी शरणागती लिहून दिली. इथलं संपलं, पण खरी ओढाताण न्यूयॉर्कला झाली. भारतानं सैन्य मागं घ्यावं, असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्ताननं सुरक्षा परिषदेत मांडला. बाजूनं सात, विरुद्ध चार. सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरला, ठराव पडला. ब्रेझनेव्ह तेव्हा भारताच्याच दौऱ्यावर होते, बरं का! रशियासोबत विरोधात होते सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक.

अमेरिकेला गोव्याचं काय पडलं होतं? पोर्तुगाल नाटोतला सोबती, आणि अझोर्स बेटांवरच्या हवाई तळाचा करार १९६२अखेर संपणार होता. न्यायाची भाषा आणि तळाची गरज, दोन्ही एकाच तोंडून. आपल्याकडे मात्र रशिया म्हणजे पक्का मित्र, असं गणित बसलं.

ते दहा महिन्यांतच विस्कटलं. ऑक्टोबर १९६२मध्ये चीननं हल्ला केला. क्युबाच्या पेचात अडकलेला रशिया सुरुवातीला चीनकडेच झुकला. नेहरूंनी मदत मागितली ती केनेडींकडे, आणि नोव्हेंबरात शस्त्रं घेऊन विमानं आली, ती अमेरिकेची.