जुन्या मोटारीचे इंजिन अडखळते तेव्हा...

(प्रतिनिधी)

मुंबईच्या रस्त्यांवरून ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तथापि, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली १०८९ सीसीची ही मोटार अनेक घरांत आजही निगुतीने जपलेली आढळते. अशा गाड्यांच्या मालकांची एक नेहमीची तक्रार असते : सिग्नलला गाडी उभी राहिली की इंजिन थरथरते, मिसिंग करते आणि बंद पडते. यामागील एक प्रमुख कारण म्हणजे कार्ब्युरेटरमधून मिळणारे ‘लीन’, म्हणजेच पेट्रोल कमी आणि हवा अधिक असलेले मिश्रण.

शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भागास १४.७ भाग हवा लागते. इंजिन मंद गतीने फिरत असताना मिश्रण याहून थोडे दाट असावे लागते. ते पातळ झाल्यास काही वेळा ठिणगी पडूनही सिलिंडरमध्ये ज्वलन होत नाही.

लक्षणे कोणती?

अॅक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर गुदमरते, कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा उलटा आवाज येतो, इंजिन अधिक तापते. गरम इंजिनावर चोक किंचित ओढल्यास थरथर कमी झाली, तर मिश्रण लीन असल्याचा संशय बळावतो. स्पार्क प्लगचे टोक पांढरे पडणे ही आणखी एक खूण. योग्य मिश्रणात ते फिकट तपकिरी, तर दाट मिश्रणात काजळीने काळे दिसते.

तपासणीचा क्रम

थेट कार्ब्युरेटरला हात घालणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. प्रथम प्लग, पॉइंटमधील अंतर, इग्निशन टायमिंग आणि टॅपेट तपासावेत. कारण यांतील दोषही अशीच थरथर निर्माण करतात.

त्यानंतर इंजिन कुठे ‘हवा घेते’ का, ते पाहावे. कार्ब्युरेटरखालील गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचा जोड, तडकलेले व्हॅक्यूम पाइप आणि झिजलेला थ्रॉटल शाफ्ट या हमखास जागा होत. चालू इंजिनावर या जोडांजवळ कार्ब्युरेटर क्लीनरचा अगदी थोडा फवारा मारावा. इंजिनची गती बदलली, तर गळती तेथेच आहे. हा फवारा ज्वालाग्राही असल्याने तो तापलेल्या एक्झॉस्टवर वा प्लगच्या वायरींवर पडू देऊ नये आणि अग्निशामक जवळ ठेवावा.

गळती नसल्यास आयडल जेट काढून स्वच्छ करावा. त्याचे छिद्र इतके बारीक असते की कचऱ्याचा एक कणही पुरेसा ठरतो. जेट तारेने टोकरू नये, दाबाच्या हवेने साफ करावा. फ्लोट चेंबरमधील पेट्रोलची पातळी व पंपाचा पुरवठाही पाहावा.

स्क्रू फिरविण्याची पाळी शेवटी येते. इंजिन पूर्ण गरम करून मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत घ्यावा, इंजिन अडखळू लागताच सर्वांत सुरळीत चालेल तेथवर बाहेर आणावा आणि मग गती बेताची करावी. स्क्रू जोराने आवळल्यास त्याचे टोक कायमचे खराब होते. स्क्रू फिरवूनही काहीच फरक पडत नसेल, तर जेट तुंबलेला आहे किंवा हवेची गळती राहून गेली आहे, असे समजावे.

इथेनॉलचा प्रश्न

पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा विषय अधिक महत्त्वाचा झाला आहे. इथेनॉलमध्येच ऑक्सिजन असल्याने या इंधनास हवा कमी, सुमारे साडेतेरा भाग लागते. नव्या गाड्यांतील सेन्सर हा फरक ओळखून इंधन वाढवितात. कार्ब्युरेटरला ते शक्य नाही. पूर्वी बरोबर असलेली जुळणीही त्यामुळे लीन ठरते. शिवाय इथेनॉलमुळे जुने रबरी पाइप व डायफ्रॅम खराब होतात. ते इथेनॉलला टिकणारे बसवावेत आणि गरज भासल्यास जाणकार मेकॅनिककडून किंचित मोठा जेट बसवून घ्यावा.

पीयूसी तपासणीतही इशारा मिळतो. कार्बन मोनॉक्साइड कमी, पण हायड्रोकार्बन अधिक असा निकाल आल्यास लीन मिश्रणामुळे मिसिंग होत असल्याची शक्यता असते. याकडे दुर्लक्ष करून भरधाव वा घाटात गाडी चालविल्यास व्हॉल्व्ह जळण्याचा, प्रसंगी पिस्टनला भोक पडण्याचा धोका संभवतो. काही रुपयांच्या गॅस्केटकडे केलेली डोळेझाक अखेर संपूर्ण इंजिन उतरविण्यापर्यंत जाऊ शकते.