लहान मासेमारी नावेची अश्वशक्ती : त्रावणकोर किनाऱ्यावरील एका प्रश्नाचा इतिहास

लहान नावेला किती अश्वशक्तीचे यंत्र बसवावे हा प्रश्न वरकरणी केवळ यंत्रविद्येचा वाटतो. परंतु केरळच्या किनाऱ्यावर १९५० नंतर त्याची उत्तरे ज्या क्रमाने बदलत गेली तो क्रम पाहिला, म्हणजे त्यात नावेच्या घडणीइतकाच किनाऱ्यावरील लाटांचा, सावकाराच्या वहीचा आणि शेजारच्या नावेचाही वाटा असतो हे ध्यानात येते.

प्रथम या प्रश्नाची शास्त्रीय बाजू पाहणे इष्ट होय. पाणी कापीत जाणारी नाव आपल्याच लाटा निर्माण करते, आणि वेग वाढेल तशी त्या लाटांची लांबी वाढत जाते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात टॉर्की येथील कुंडात लहान प्रतिकृती ओढून या प्रतिरोधाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून निघालेला व्यवहारी ठोकताळा असा की, तरंगरेषेवरील लांबीच्या, फुटांतील, वर्गमुळास १.३४ ने गुणले असता जो आकडा येतो, तितके नॉट ही जड नावेच्या वेगाची व्यावहारिक मर्यादा असते. पंचवीस फुटी नावेस ती सुमारे ६.७ नॉट पडते. मर्यादेच्या अलीकडेदेखील लागणारी शक्ती ही स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे शक्ती दुप्पट केली तरी वेग चौथ्या हिश्शानेच काय तो वाढावा. फार निमुळत्या नावांस हा नियम काटेकोरपणे लागू पडत नाही, आणि हलकी, सपाट तळाची नाव पुरेशी शक्ती मिळाल्यास पाण्यावर चढून घसरू लागते, हे खरे. परंतु जाळे, बर्फ, मासळी आणि पाचसहा माणसे यांनी लादलेल्या नावेला ही सवलत क्वचितच मिळते.

दुसरी गोष्ट मोटारीच्या कुळाची. पिछाडीवर अडकविण्याची पेट्रोलची मोटर अमेरिकेत बाजारात स्थिरावली ती ओले एव्हिनरूड याच्या १९०९ च्या दीड अश्वशक्तीच्या यंत्रापासून. तिचे क्षेत्र सरोवरातील हलक्या होड्यांचे होते. जोराने फिरणारा लहान पंखा हे तिचे लक्षण आहे. हलक्या होडीला तो शोभतो, पण जड नाव संथपणे ढकलावयाची तर मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा हवा. कोळ्याच्या हाती आली ती मोटर अशी मूळची सहलीची होती. ही विसंगती पुढे सर्वांनाच भोवली.

१७ ऑक्टोबर १९५२ रोजी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन कोल्लमजवळ नींडकरा व शक्तिकुलंगरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. रूढ नावांनाच यंत्र बसवावे हा तेथील आरंभीचा विचार होता. तो फसला, आणि त्यात नवल नव्हते. या किनाऱ्यावरील नावा म्हणजे एकाच खोडातून कोरलेल्या वा काथ्याने फळ्या शिवलेल्या लांबट होड्या, किंवा ओंडके एकत्र बांधलेले कट्टुमरम. कट्टुमरमला मोटर टांगावी अशी पिछाडीच नसते, आणि शिवलेल्या फळ्यांना यंत्राचे सततचे हादरे मानवत नाहीत. तेव्हा यंत्रासाठी नावच नवी करावी असे ठरले, आणि डिझेल यंत्राच्या, निराळ्या घडणीच्या बोटी बांधण्यात आल्या. त्या बोटी १९६० नंतर कोळंबीच्या निर्यातीकडे वळल्या, हा इतिहास सुपरिचित आहे.

याच काळात मुंबई राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर नेमके उलट घडत होते. सातपाटी, वसई, वेसावे येथील मचवा हा पठाणावर उभारलेला, रुंद पोटाचा आणि खोल अंगाचा असल्याने त्याच्या पोटात डिझेल यंत्र सहज मावले. शिवाय तेथील डोल हे जाळे खुंटांस बांधून ठेवलेले, भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी धरणारे. जाळे ओढण्यास यंत्राची शक्ती लागत नव्हती. तांडेलाला वाऱ्याची वाट न पाहता जाऊन-येऊन करता आले की काम भागत असे. म्हणून यंत्राचा आकार नावेनेच ठरविला. कोकणातील कोळ्याची दूरदृष्टी म्हणून याचा गौरव पुष्कळदा होतो, परंतु त्याचे मोठे श्रेय त्या मचव्याच्या घडणीस आणि त्या जाळ्यास द्यावे लागेल.

त्रावणकोरच्या रूढ नावांना मोटर खऱ्या अर्थाने मिळाली ती १९८० नंतर, जपानी बनावटीच्या, पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालविण्याच्या मोटारींच्या रूपाने. तत्पूर्वी कन्याकुमारी जिल्ह्यातील मुट्टम येथे प्येर जिले या बेल्जियन तंत्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली प्लायवूडच्या नावा बांधण्याचे प्रयोग झाले होते. त्यांमुळे मोटर टांगता येईल अशी हलकी पिछाडी उपलब्ध झाली. आरंभी सात-आठ अश्वशक्तीची मोटर सर्वमान्य होती. वजन पंचवीस-तीस किलो. एक माणूस ती खांद्यावरून वाळूतून नेऊ शके. बंदर नसलेल्या किनाऱ्यावर हा गुण मोठाच. फुटणाऱ्या दोन लाटांच्या मधल्या अवधीत नाव बाहेर काढावी लागते, यासाठी थोडी राखीव शक्ती हवी हेही योग्यच होते.

परंतु सात-आठावर गोष्ट थांबली नाही. पंधरा, पंचवीस, पुढे चाळीस असे आकडे चढत गेले. या चढाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. अशा मोटारीस पूर्ण जोरात अश्वशक्तीमागे तासाला सुमारे अर्धा लिटर इंधन लागते. आठ अश्वशक्तीची नाव तासाभरात जे अंतर चार लिटरमध्ये काटते, तेच अंतर पंचवीस अश्वशक्तीने, घनाचा नियम पूर्णपणे अनुकूल धरला तरी, सुमारे एकेचाळीस मिनिटांत आणि साडेआठ लिटरमध्ये काटले जाईल. एकोणीस मिनिटांसाठी इंधन दुपटीहून अधिक! नाव जड असेल तर मिनिटे आणखी कमी वाचतात.

मग कोळी हा सौदा का करीत असे? त्याला गणित कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मासळीचा लिलाव वाळूवरच होतो आणि पहिल्या नावेस चढा भाव मिळतो. तारली आणि बांगडा यांच्या थव्याला जो आधी वेढा घालील त्याचाच तो थवा. त्यातून ट्रॉलरांच्या वर्दळीमुळे किनाऱ्याजवळची मासळी विरळ झाल्याची तक्रार होती, म्हणजे दूर जाणे भाग पडे. एकाने पंधराची मोटर घेतली की इतरांची आठाची मोटर, ती कालच्या इतकीच चांगली असूनही, निरुपयोगी ठरे. योग्य आकार असा मुळी उरलाच नाही. उरला तो शेजाऱ्याहून मोठा आकार. जॉन कुरियन यांच्या लेखनात केरळच्या सामायिक समुद्राच्या या ऱ्हासाची चिकित्सा आढळते. १९८८ पासून पावसाळ्यात ट्रॉलरबंदी आली, तीही मच्छीमारांच्या दीर्घ आंदोलनानंतर. पण मोटारींची आपसातील चुरस त्या बंदीच्या कक्षेबाहेरच राहिली.

तंत्रज्ञांनी यावर उपाय सुचविला नाही असे नाही. मद्रास येथे १९७९ साली सुरू झालेल्या बंगालच्या उपसागर कार्यक्रमातील नॉर्वेजियन नौकाशिल्पी ओइविंद गुलब्रान्सेन यांनी लहान नावांच्या इंधनखर्चावर लिहिताना वेग किंचित कमी ठेवणे, पंखा मोठा घेणे आणि निम्म्या इंधनात तेच काम करणाऱ्या लहान डिझेल यंत्राकडे वळणे यांवर भर दिला. तमिळनाडू व आंध्रच्या किनाऱ्यावर पुढे लांब दांड्याची आठ-नऊ अश्वशक्तीची डिझेल मोटर रुजली, तेव्हा या विचारात तथ्य होते हे उघड आहे. केरळात मात्र सवलतीचे रॉकेल परवान्यावर मिळत असल्याने इंधनाची खरी किंमत बराच काळ कोळ्याच्या हिशेबात उतरलीच नाही. खाऱ्या हवेत आणि वाळूत मोटारीचे आयुष्य थोडे. जुनीचे कर्ज फिटण्यापूर्वीच नवी घ्यावी लागे, आणि नवी घ्यावयाची तर एक पायरी वरचीच घेतली जाई.

१९८० च्या दशकाच्या मध्यास रिंग सीन हे मोठे वेढाजाळे आल्यावर लांब फळ्यांच्या वळ्ळमवर चाळीस अश्वशक्तीच्या दोन-दोन, तीन-तीन मोटारी एकाच पिछाडीवर टांगलेल्या दिसू लागल्या. अशी एक मोटर सत्तर किलोंहून अधिक वजनाची. ती खांद्यावर नेण्याचा प्रश्नच नव्हता. कालांतराने यांतील मोठ्या नावांनी मोटारी उतरवून पोटात शंभराहून अधिक अश्वशक्तीची डिझेल यंत्रे बसविली आणि त्या वाळू सोडून बंदरात उभ्या राहू लागल्या. इकडे सवलतीच्या रॉकेलचा कोटा घटत गेला, आणि वाळूवर उरलेल्या लहान नावांच्या मालकांसमोर, पन्नास वर्षांपूर्वी नींडकऱ्यास पडला होता तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला : नाव आहे तीच ठेवावी, की यंत्रासाठी नवी बांधावी.