रास आणि शंकू

दहावीच्या गणितात महत्त्वमापन आले की वर्गातली चांगली चांगली मुले अडखळतात. सूत्र पाठ असते, पण आकृती डोळ्यांपुढे उभी राहत नाही. घनाला कडा किती, असे विचारले तर चित्रात दिसतात त्या नऊ मोजून मोकळी होतात. मागच्या तीन त्यांच्या लेखी नसतातच.

खरे तर आपल्या पुस्तकातले शब्दच किती बोलके आहेत! चिती म्हणजे रचलेला ढीग, चळत. इष्टिकाचिती ही विटांची, वृत्तचिती ही गोल चकत्यांची. हाच शब्द भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) भेटतो. तिथे आधी खणलेला खड्डा, मग विटांचा ढीग, मग करवतीने चिरायचे लाकूड आणि मग धान्याची रास, असे क्रमाने हिशेब येतात. कागदावरचे ठिपके-रेषा नाहीत, हाताखालच्या वस्तू आहेत.

यातला राशिव्यवहार मला फार आवडतो. सपाट जमिनीवर ओतलेल्या धान्याचा घेर तेवढा मोजायचा. उंची मोजायचीच नाही! जाड धान्य असेल तर घेराचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा आणि कुसळाचे असेल तर नववा भाग, ही उंची. कुसळे एकमेकांत अडकतात, म्हणून ती रास जास्त उभी राहते. मग घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीने गुणायचे. घेर ६० हात, धान्य जाड, तर उंची ६ हात आणि धान्य ६०० घनहात. एका घनहाताला ते खारी म्हणतात.

आता हे आजच्या शंकूच्या सूत्राशी ताडून पाहा. पाय म्हणजे ३ धरला तर दोन्ही तंतोतंत एकच. पण पायची खरी किंमत घेतली तर ६०० ऐवजी ५७३ च्या आसपास भरतात. २७ खारी धान्य कागदावरच जास्त! राजाचा वाटा या अंदाजावर ठरला, तर तोटा कुणाचा हे आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना सांगायला नको. भास्कराचार्यांना सूक्ष्म किंमत ठाऊक होती. त्याच ग्रंथात ३९२७/१२५० दिली आहे. मला वाटते, खळ्यावर उभ्या उभ्या करायच्या हिशेबाला त्यांनी ३ पुरेसा मानला.

पुढची युक्ती तर वर्गात जरूर सांगावी. रास भिंतीला लागून असेल तर घेर दुप्पट धरा, आतल्या कोपऱ्यात असेल तर चौपट. बाहेरच्या कोपऱ्याला असेल तर घेराला ४/३ ने गुणा. पूर्ण रासेचे फळ काढा, मग त्याच प्रमाणात भागा. म्हणजे भिंतीपलीकडची नसलेली अर्धी रास मनात पाहायची. मुलांना नेमके हेच जमत नाही.

आपल्या मराठवाड्यातही हा ग्रंथ बारकाईने अभ्यासला जात होता. पार्थपूरच्या, म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या पाथरीच्या, ज्ञानराजांचा मुलगा सूर्यदास याने १५४१ साली लीलावतीवर गणितामृतकूपिका ही टीका लिहिली.

त्याआधी, १२०७ साली, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळ पाटण येथे मठ काढला. तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. त्यात मठाला द्यायची दाने सांगितली आहेत आणि बजावले आहे, की जे काही मापायचे ते मठाच्याच मापाने मापावे. मापाईचा अर्धा वाटा मठाला, अर्धा मापणाऱ्याला.