‘वैतरणा’ ऊर्फ ‘वीजळी’ : एका बुडालेल्या आगबोटीच्या साधनांचा विचार

काठेवाडच्या किनाऱ्यावर ‘हाजी कासमची वीजळी’ या आगबोटीचें विलापगीत सर्वांच्या परिचयाचें आहे. झवेरचंद मेघाणी यांनीं तें आपल्या लोकगीतसंग्रहांत घेतल्यामुळें त्याची कीर्ति गुजरातबाहेरहि पसरली. परंतु जो संशोधक हें नांव घेऊन सरकारी दप्तर चाळूं लागेल त्याची निराशा ठरलेली. दप्तरांतील नांव निराळें, मालक निराळा, माणसांचा आंकडाहि निराळा. गीत खरें कीं दप्तर खरें, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. कोणत्या साधनाची साक्ष कोणत्या मुद्द्यापुरती ग्राह्य धरावी, हें ठरविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

दप्तरांतील नांव ‘वैतरणा’. ही आगबोट इ. स. १८८५ त स्कॉटलंडांतील ग्रेंजमाउथ येथील गोदींत बांधली गेली. लांबी सुमारें १७० फूट, रुंदी सुमारें २६ फूट. मालक मुंबईची शेफर्ड कंपनी, जिच्या आगबोटी कोंकणपट्टींतील लोकांसहि चांगल्या परिचयाच्या होत्या. त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावून अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्रास मिळणाऱ्या आपल्या नदीचेंच हें नांव. पुराणांतील वैतरणी कोठें वाहते हें ज्यास ठाऊक आहे, त्यास तें अशुभसूचक वाटल्यास नवल नाहीं. पण कंपनीस पुराणाशीं कर्तव्य नव्हतें. बोटीवर विजेचे दिवे असल्यामुळें किनाऱ्यावरील लोक तिला ‘वीजळी’ म्हणूं लागले. कच्छ-मांडवी ते मुंबई अशी उतारूंची व मालाची ने-आण ती करीत असे.

ता. ८ नोव्हेंबर १८८८, गुरुवार, या दिवशीं दुपारीं ती मांडवीहून निघाली. द्वारकेस आणखी उतारू चढले. पुढचें बंदर पोरबंदर. पण समुद्र खवळल्यामुळें तेथें न थांबतां तिनें थेट मुंबईचा रस्ता धरला. त्यानंतर ती मुंबईस पोंचली नाहीं. मांगरोळच्या आसपास ती तुफानांत सांपडली असें मानतात. शोधासाठीं पाठविलेल्या आगबोटी रित्या हातानें परतल्या. पावसाळा सरल्यावर दर्या शांत झाला असें समजण्याची चाल असली, तरी अरबी समुद्रांत आश्विन-कार्तिकांत चक्री वादळें होतात. १९२७ च्या नोव्हेंबरांत ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या बोटी गेल्या, तोहि हाच ऋतु होय.

आतां तिथीकडे वळूं, कारण माझ्या मतें या प्रकरणाची किल्ली तीच आहे. त्या दिवशीं कार्तिक शुद्ध पंचमी, म्हणजे गुजराती व्यापाऱ्यांची लाभपंचमी. आमच्याकडील कागदांत शके १८१०, सर्वधारी नाम संवत्सर. गुजरातचा कार्तिकादि विक्रम संवत् १९४५ नुकताच चार-पांच दिवसांपूर्वीं लागला होता. कच्छ व हालारचा आषाढादि संवत् १९४५ मात्र आषाढांतच लागलेला होता. म्हणजे दिवाळीच्या अमावास्येस अहमदाबादच्या वहींत १९४४ व मांडवीच्या वहींत १९४५ लिहिलेलें असावयाचें. बोट सुटण्याच्या दिवशीं मात्र दोन्ही गणना एक झाल्या होत्या. काठेवाडी कागद हातांत घेणाऱ्यानें हा फरक ध्यानांत ठेवावा, नाहीं तर एकाच महिन्यांतील दोन पत्रांत एक वर्षाचें अंतर पडेल.

गीत व दंतकथा सांगतात कीं बोटीवर तेरा वऱ्हाडें होतीं. अंगास हळद लागलेले वर-वधू बुडाले. ऐकणाऱ्याचें काळीज हलतें. परंतु पंचमी म्हणजे प्रबोधिनी एकादशीच्या आधींचा सहावा दिवस. चातुर्मास संपलेला नाहीं, तुळशीचें लग्न लागलेलें नाहीं, आणि हिंदु वऱ्हाड हळद लावून निघालें हें कसें जमावें? पुढच्या मुहूर्तासाठीं कांहीं मंडळी आधींच निघाली असतील, किंवा खोजे-मेमण यांच्यापैकीं कोणाचीं लग्नें असतील. त्यांस चातुर्मासाचा अडथळा नाहीं. पण ‘तेरा’ हा आंकडा व मुंडावळ्या बांधलेले वर हे मला कवीचेच वाटतात. बहुसंख्य उतारू कोण असावेत याचें अधिक सरळ उत्तर त्याच तिथींत आहे : दिवाळीसाठीं गांवीं आलेले आणि लाभपंचमीच्या सुमारास मुंबईच्या पेढ्यांकडे परतणारे व्यापारी, गुमास्ते, चाकर.

दुसरी दंतकथा विद्यार्थ्यांची. मॅट्रिकच्या परीक्षेस मुंबईस जाणारीं बरींच मुलें बोटीवर होतीं असें म्हणतात. कांहीं असतीलहि. परंतु आदल्याच वर्षीं, १८८७ त, मॅट्रिक झालेल्या एका काठेवाडी विद्यार्थ्याची लेखी साक्ष उपलब्ध आहे. मोहनदास गांधी आपल्या आत्मकथेंत सांगतात कीं परीक्षेचीं केंद्रें अहमदाबाद व मुंबई अशीं दोन होतीं, आणि गरिबीमुळें काठेवाडची मुलें जवळचें व स्वस्त अहमदाबाद पसंत करीत. तेव्हां विद्यार्थ्यांची संख्या दंतकथेनें वाढविली असावी.

याच आत्मकथेंत पोरबंदरचा कारभारी लेली भेटतो. विलायतेस जाण्यासाठीं मदत मागावयास गेलेल्या गांधींना त्यानें जिन्यांतच वाटेस लावलें, ती गोष्ट १८८८ चीच. पुढें हाच लेली आमच्या दंतकथेंत येतो : म्हणे, त्यानें कप्तानास समुद्रांत न जाण्याविषयीं बजावलें व कप्तानानें तें मानलें नाहीं. बोट पोरबंदरास थांबलीच नाहीं, मग बजावलें केव्हां? अलीकडील संशोधनासहि या गोष्टीस आधार सांपडलेला नाहीं. संकटानंतर ‘सांगितलें होतें’ म्हणणारा कोणी तरी कथेस लागतोच.

आंकड्यांचा घोळ मोठा आहे. एका गणनेप्रमाणें ७०३ उतारू व ४३ खलाशी, मिळून ७४६, दुसरीकडे ७४४, तिसरीकडे ७९८, लोककथेंत तेराशें. बोटीची लांबी-रुंदी गुणली तर ४,४२० चौरस फूट भरतात, आणि ७४६ नीं भागल्यास माणशीं सहा चौरस फुटांहून कमी. मजले धरून ही जागा कांहीं पट करावी. तरी टोंकांचा निमुळता भाग, यंत्रें, कोळसा व माल यांची जागा त्यांतून वजा करावी लागेल. तेराशें हा आंकडा मग टिकत नाहीं. आणि सातशें मानले तरी ती गर्दी भयंकर होती. मुंबई सरकारच्या चौकशींत बचावाच्या होड्या व तरंगतीं जाकिटें अपुरीं होतीं असें निष्पन्न झालें, तें या हिशेबाशीं जुळतें.

राहतां राहिला हाजी कासम. कोणी त्यास कप्तान म्हणतात, कोणी कंपनीचा तिकिटें विकणारा अडत्या. कसेंहि असो, बोट त्याची नव्हती. तरी गीतानें ती त्याच्या पदरीं घातली आणि शेफर्डचें नांव विसरलें, हें समजण्यासारखें आहे. उतारूंनीं ज्याचा चेहरा पाहिला, ज्याच्या भरंवशावर पैसे मोजले, त्यालाच ते मालक समजणार. चौकशीचे कागद बोटीविषयीं बोलतात. बुडालेल्यांच्या घरीं काय समजूत होती, तें गीतच सांगतें.

या घटनेवर लागलींच दोन काव्यें छापलीं गेलीं, दोहोंचेंहि नांव ‘वीजळी विलाप’ : एक जामनगरच्या दुर्लभ शामजी ध्रुव यांचें, दुसरें भिखाराम सावजी जोशी यांचें. गुणवंतराय आचार्य यांची १९५४ ची कादंबरी कल्पित आहे. तिच्यांतील प्रसंग इतिहास म्हणून उद्धृत करणारे लेखक आढळतात, त्यांपासून सावध राहावें. वाय. एम. चितलवाला यांच्या २०१० च्या पुस्तकानें खऱ्या वृत्तान्ताची जमवाजमव केली आहे.

संग्राहकांस एकच विनंति. मुंबईच्या मांडवी भागांत जुन्या कच्छी पेढ्या होत्या, आणि त्यांच्या वह्या रद्दीच्या बाजारांत येतात. संवत् १९४५ ची वही हातीं लागल्यास कार्तिक-मार्गशीर्षाचीं पानें आधीं पाहावीं. नव्या वर्षाचें खातें उघडल्यावर चार-पांच दिवसांतच जीं खातीं थांबलीं, ज्यांची बाकी पुढें ‘बुडीत’ म्हणून मांडली गेली, त्या आसामींचीं नांवें व गांवें उतरून घ्यावींत. आपल्या भाषेंत हा शब्द हिशेबाचाहि आहे व समुद्राचाहि. केसरी, ज्ञानप्रकाश व इंदुप्रकाश यांच्या त्या नोव्हेंबरच्या फाइलीहि त्याच दृष्टीनें चाळाव्यात. कारण अशी नांवनिशीवार यादी जुळली, तरच सातशें-तेराशेंचा वाद कागदानें मिटेल.