भिंतीवरील वंशचरित्र : तंजावरच्या भोसले घराण्याचा इतिहास आणि त्याचे लेखन

राजराज चोळाने इ.स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर प्रामुख्याने तमिळ लेख आहेत. दाने, दिवे, दागिने, नर्तकींची नेमणूक यांच्या त्या तपशीलवार नोंदी होत. त्याच आवारातील भिंतीवर १८०३ मध्ये एक प्रदीर्घ मराठी लेख कोरला गेला. सरफोजी दुसरा याच्या आज्ञेने बाबूराव चिटणीस याने सिद्ध केलेले हे ‘भोसले वंशचरित्र’ होय. मराठीतील हा सर्वांत विस्तृत शिलालेख मराठी मुलखाबाहेर, तमिळ देशात आहे आणि त्याचा विषय एका कुटुंबाची वंशपरंपरा हा आहे. राजवंशाचा इतिहास हस्तलिखितात न ठेवता देवालयाच्या दगडावर का उतरवला गेला, या प्रश्नाचे उत्तर त्या कुटुंबाच्याच इतिहासात शोधावे लागते.

भोसले घराण्याच्या दोन शाखांचा विभाग शहाजीराजांच्या दोन पुत्रांपासून होतो. जिजाबाईंचे पुत्र शिवाजीराजे आणि तुकाबाई मोहिते यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी. १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीने तंजावर ताब्यात घेतले. १६७७ मध्ये दक्षिणदिग्विजयाच्या वेळी दोघा भावांची कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे भेट झाली. शहाजीराजांच्या दौलतीतील अर्धा वाटा शिवाजीराजांनी मागितला. व्यंकोजी रातोरात तळ सोडून निघून गेला. पुढे लढाई झाली आणि अखेर तहही झाला. त्या तहात बेंगळूरकडील प्रांत व्यंकोजीची पत्नी दीपाबाई हिला चोळीबांगडीसाठी देण्यात आला. राज्यविस्ताराचा म्हणून सांगितला जाणारा हा प्रसंग कागदपत्रांच्या भाषेत भाऊबंदकीचा आहे. वडिलार्जित मालमत्तेची वाटणी, वडीलकीचा अधिकार आणि माहेर-सासरच्या स्त्रीधनाची परिभाषा यांच्या आधारे दोन राज्यांमधील संबंध ठरवले गेले. कुटुंबाची भाषा हीच येथे राजनीतीची भाषा आहे.

या भाषेचे मूळ मराठी दप्तरपरंपरेत आहे. पाटीलकी, देशमुखी, कुलकर्ण यांसारख्या वतनांच्या तंट्यांत वादी-प्रतिवादींना आपापला करीना मांडावा लागे : मूळपुरुष कोण, वतन कसे मिळाले, कोणत्या पिढीत कोण कोठे गेला, कोणाचा वंश खुंटला. गोतसभेत साक्षी होऊन महजर होत असे. मराठी ऐतिहासिक गद्याची जडणघडण या न्यायव्यवहारातून झाली, असे प्रतिपादन सुमित गुहा यांनी केले आहे. ते मान्य केल्यास वंशावळ केवळ पूर्वजस्तुती राहत नाही. ती हक्क सिद्ध करणारा पुरावा ठरते. संस्कृत ताम्रपटांच्या आरंभी येणारी वंशप्रशस्ती आणि चोळांच्या लेखांतील मेय्कीर्ती यांचेही कार्य राजसत्तेला वैधता देण्याचे होते. तथापि त्या रचनांत विजयाची सूत्रबद्ध घोषणा असते. करीन्यात प्रतिपक्षाचे अस्तित्व गृहीत असते. तो कोणाच्या तरी आक्षेपाला दिलेले उत्तर असतो.

तंजावरच्या गादीला असे आक्षेप वारंवार सोसावे लागले. १७३६ मध्ये तुकोजीच्या निधनानंतर तीन वर्षांत बावासाहेब, त्याची विधवा सुजानबाई आणि सवाई शहाजी या नावाने पुढे आलेला काट्टुराजा असे तिघे सत्तेवर येऊन गेले. काट्टुराजाच्या जन्माविषयीच वाद होता. १७३९ मध्ये गादीवर आलेला प्रतापसिंह तुकोजीचा पुत्र होता, परंतु त्याच्या मातेच्या विवाहाचा दर्जा प्रश्नांकित होता. तुळजाजी दुसरा याने १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी भोसल्यांच्या दूरच्या शाखेतील सरफोजीला दत्तक घेतले. त्याचा सावत्र भाऊ अमरसिंह याने या दत्तकाला हरकत घेतली. दत्तकाचे वय आणि तो जनकपित्याचा एकुलता पुत्र असणे हे मुद्दे निघाले. पंडितांनी प्रतिकूल मत दिले आणि अमरसिंह राजा झाला. काही वर्षांनी ईस्ट इंडिया कंपनीने पुन्हा शास्त्रार्थ घडवला, मत उलटले आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसला. मधल्या काळात मिशनरी श्वार्ट्झ याने त्याचे पालकत्व सांभाळले होते. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, नेमणुकीचे एक लक्ष होन आणि निव्वळ महसुलाचा पंचमांश उरला.

‘भोसले वंशचरित्र’ या तहानंतर चार वर्षांनी कोरले गेले. मुलूख गेलेला, वारसा एकदा नाकारला जाऊन पुन्हा मान्य झालेला, आणि राजा रक्ताने थेट पुत्र नसलेला : अशा स्थितीत मालोजी, शहाजी, शिवाजी, व्यंकोजी यांच्यापासून सरफोजीपर्यंतची अखंड परंपरा सांगणे म्हणजे पुसट झालेली नाती जाहीरपणे जुळवणे होते. दत्तकविधानाने धर्मशास्त्रात जे साधते, तेच वंशचरित्राने इतिहासात साधले : दुसऱ्या शाखेतील मुलगा पूर्वजांच्या मालिकेत स्थिर झाला. चोळांच्या देवालयातील जागेमुळे या दाव्याला देवतेची साक्षही लाभली.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. शिवचरित्राचे आद्य मराठी आख्यान, कृष्णाजी अनंत सभासद याची बखर, हीदेखील तमिळ देशातच, जिंजी येथे राजारामाच्या आज्ञेने १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. त्या वेळी किल्ल्याला मोगलांचा वेढा होता आणि राजा स्वदेशापासून दूर होता. एकाच कुटुंबाच्या दोन शाखांनी, एका शतकाच्या अंतराने, परमुलखात आणि सत्तेच्या संकटकाळात आपला इतिहास लिहवून घेतला. मात्र सभासदाच्या आख्यानाला गमावलेले राज्य परत मिळवण्याची प्रेरणा आहे. बाबूरावाच्या लेखनाला राज्य गेल्यावरही घराण्याची ओळख टिकवण्याची. तेलुगूत यक्षगाने रचणारा, संस्कृत व तमिळला आश्रय देणारा हा दरबार आपला वंश मात्र मराठीत सांगतो, हेही लक्षणीय आहे. काव्यनाट्यासाठी त्याने परिसराच्या भाषा स्वीकारल्या. वारशाचा पुरावा तो दप्तराच्या भाषेतच ठेवतो.

पुढील इतिहासाने या पुराव्याची मर्यादा दाखवली. १८५५ मध्ये सरफोजीचा पुत्र शिवाजी पुत्राविना वारला आणि कंपनीने संस्थान खालसा करून खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. मद्रासच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. ही जप्ती राज्यसत्तेची कृती असल्याने न्यायालयाला तिची तपासणी करता येत नाही, असे त्याने ठरवले. गोतसभेपुढे वंशावळ मांडल्यावर उत्तर मिळत असे. नव्या सत्तेपुढे ती ऐकून घेण्यासच मंच उरला नाही.

वंशावळ ही म्हणूनच रक्तसंबंधांची यादी मानून वाचणे अपुरे आहे. ती कोणासमोर, कोणत्या आक्षेपाला उत्तर म्हणून आणि कोणत्या भाषेत मांडली गेली, हे पाहिल्यावरच तिचा साहित्यप्रकार म्हणून विचार होऊ शकतो. प्रांतोप्रांती विखुरलेल्या मराठी घराण्यांच्या कैफियती, करीने आणि कुलवृत्तान्त यांचा असा तौलनिक अभ्यास झाल्यास, स्थलांतरित समाज आपले ‘आपण’ कसे रचतात याची साधने मराठीतच मोठ्या प्रमाणात हाती लागतील. बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लेख हा त्या अभ्यासाचा स्वाभाविक आरंभबिंदू आहे.